भ्रमणध्वनी आणि ग्रामीण शाळा : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शिरूर व दौंड हे दोन तालुके एकमेकांना लागून वसलेले आहेत. उत्तरेस घोड नदी, मधून वाहणारी भीमा आणि दक्षिणेस मुठा उजव्या कालव्याचे पाणी यांमुळे या भागात उसाची शेती वाढली. तथापि दोन्ही तालुक्यांतील कोरडवाहू पट्टा आजही पावसाच्या भरवशावर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी पावणेचार लाखांहून अधिक होती. शिरूर व दौंड ही दोन शहरे वगळली तर उर्वरित वस्ती गावठाणे, वाड्या आणि शेतातील मळे यांमध्ये विखुरलेली आहे. या विखुरलेल्या वस्तीत संपर्काचे साधन कोणापर्यंत, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या मालकीने पोहोचले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भ्रमणध्वनी आणि शिक्षण यांविषयीचे लेखन बहुधा यंत्रापासून सुरू होते. यंत्र चांगले की वाईट, त्याने मुले बिघडतात की घडतात, असा वाद त्यात असतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्याआधीचा एक प्रश्न विचारावा लागतो. यंत्र घरात आल्यानंतर ते दिवसाच्या कोणत्या वेळी, घरातील कोणाच्या हातात असते? २०२० व २०२१ या दोन वर्षांत शाळांचे दरवाजे बंद झाले, तेव्हा या प्रश्नाच्या उत्तरावर लाखो मुलांचे शिक्षण अवलंबून राहिले.

तारेचा काळ

संपर्कसाधनांच्या बाबतीत या दोन तालुक्यांचा आरंभ विषम आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुणे ते डिकसळ हा मार्ग डिसेंबर १८५८ मध्ये खुला झाला आणि दौंड लोहमार्गावर आले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर ते मोठे जंक्शन बनले. रेल्वेबरोबर तारायंत्र येत असे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातच दौंडचा मुंबईशी काही मिनिटांत संपर्क होऊ शकत होता. घोडनदी या नावाने ओळखले जाणारे शिरूर हे इंग्रजांच्या छावणीचे गाव असूनही लोहमार्गापासून दूरच राहिले. त्याचा जगाशी संबंध राहिला तो पुणे-अहमदनगर रस्त्याने, टपालाने आणि पुढे एस.टी.ने.

तार आली तरी ती गावाची झाली नाही. ती स्थानकाची, कचेरीची आणि व्यापाऱ्याची होती. सर्वसामान्य कुटुंबात तार म्हणजे मृत्यूची बातमी असाच समज होता आणि पोस्टमन तार घेऊन आला की वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई. १५ जुलै २०१३ रोजी देशातील तारसेवा बंद झाली. परंतु खेड्यातील माणसाच्या दृष्टीने ती त्यापूर्वीच संपलेली होती.

स्वातंत्र्योत्तर काळातील एक विरोधाभास येथे नोंदवण्याजोगा आहे. भारतातील पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र फेब्रुवारी १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे कार्यान्वित झाले. परदेशी जाणारे दूरध्वनी संभाषण या केंद्रातून उपग्रहाकडे झेपावत होते. त्याच वेळी जिल्ह्यातील बहुसंख्य खेड्यांत बोलण्यासाठी एकही यंत्र नव्हते. पुढे त्याच परिसरात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. आकाशगंगेतील क्षीण रेडिओलहरी टिपणाऱ्या या दुर्बिणीला भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांचा उपद्रव होतो, हीही या भागाची एक गंमतच म्हणावी लागेल.

ग्रामीण भागासाठी खरे प्रयत्न झाले ते १९८४ मध्ये सी-डॉट या संस्थेची स्थापना झाल्यानंतर. धूळ, उष्णता व विजेचा लपंडाव सहन करू शकेल असे १२८ जोडण्यांचे लहान ग्रामीण दूरध्वनी केंद्र या संस्थेने तयार केले. त्यातील पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसवण्यात आले. त्यानंतर पिवळ्या पाट्यांचे एस.टी.डी. बूथ बाजारपेठेच्या गावांत दिसू लागले. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत प्रत्येक गावात दूरध्वनी देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते साध्य झाले नाही आणि १९९९ च्या नव्या धोरणात मुदत पुढे ढकलावी लागली. रेडिओलहरींवर चालणारे अनेक ग्रामीण सार्वजनिक दूरध्वनी बसवल्यानंतर थोड्याच काळात मुके झाले. २००० साली ग्रामीण भारतात शंभर माणसांमागे एक दूरध्वनीदेखील नव्हता.

या काळातील शाळेचा विचार केला तर दूरध्वनी तिच्या कक्षेत जवळजवळ नव्हताच. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यापासून प्राथमिक शाळेचा वरिष्ठांशी संबंध टपाल आणि पंचायत समितीच्या मासिक सभा यांमार्फत असे. परिपत्रक गावात पोहोचायला आठवडा लागे. शिक्षकाला तो आठवडा शिकवायला मिळत असे, हे त्या काळाच्या गैरसोयींत विसरले जाते.

भ्रमणध्वनीचे आगमन

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी केलेले संभाषण हे देशातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण मानले जाते. त्यानंतर महाराष्ट्र मंडळातही खासगी कंपन्यांनी सेवा सुरू केली. परंतु मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर आणि आलेल्या संभाषणालाही आकार, अशा व्यवस्थेत ती शेतकरी कुटुंबापर्यंत येणे शक्यच नव्हते. परिस्थिती पालटली ती २००२ व २००३ या दोन वर्षांत. ऑक्टोबर २००२ मध्ये भारत संचार निगमने भ्रमणध्वनी सेवा सुरू केली. डिसेंबरमध्ये रिलायन्सने पोस्टकार्डाहून स्वस्त संभाषणाची घोषणा केली. पोस्टकार्ड तेव्हा पन्नास पैशांना मिळत होते. मे २००३ पासून येणारी संभाषणे निःशुल्क झाली. या शेवटच्या निर्णयाचे सामाजिक महत्त्व फार मोठे आहे. पैसे न घालवता फोन बाळगता येऊ लागला आणि त्यातूनच 'मिस्ड कॉल' ही अस्सल भारतीय भाषा जन्माला आली. एक घंटी म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे न्यायला या, असे संकेत घराघरांत ठरले.

शिरूर तालुक्याच्या बाबतीत एक वेगळी गोष्टही घडली. रांजणगाव येथील औद्योगिक वसाहतीत एल.जी. कंपनीने २००५ च्या सुमारास भ्रमणध्वनी संचांचे उत्पादन सुरू केले. महागणपतीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या परिसरात दुचाकीवरून कामावर येणारे तरुण दूरवर विकले जाणारे संच जुळवू लागले. यंत्र बनवणारा तालुका आणि यंत्र वापरणारा तालुका यांतील अंतर मात्र त्यामुळे आपोआप मिटले नाही.

त्या दशकात खेड्यातील फोनचा खरा शत्रू दर नव्हता. भारनियमन हा होता. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. गावठाणाला एकफेजी वीज मिळावी म्हणून गावकऱ्यांनी ठरावीक वेळी शेतीपंप बंद ठेवायचे, अशी अक्षय प्रकाश योजना याच काळातील. गावठाणात त्यामुळे थोडा उजेड आला, फोन भारित होऊ लागला. मळ्यात राहणारी कुटुंबे मात्र शेतीच्या वाहिनीवर अवलंबून राहिली. पुढे ऑनलाइन शिक्षणात गावठाण आणि शेतवस्ती असा जो भेद दिसला, त्याचे एक मूळ विजेच्या या विभागणीत शोधता येते.

शाळेची या काळातील भूमिका निषेधाची होती. जुलै २००९ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांत भ्रमणध्वनीला मज्जाव करणारे परिपत्रक काढले. ग्रामीण शाळांना वेगळ्या परिपत्रकाची गरज नव्हती. दप्तरात फोन सापडला तर तो मुख्याध्यापकांच्या कपाटात जाई आणि वडिलांना बोलावणे पाठवले जाई. संगणकाला मात्र प्रतिष्ठा होती. डिसेंबर २००४ मध्ये केंद्र शासनाने माध्यमिक शाळांसाठी संगणक शिक्षणाची योजना सुरू केली आणि अनेक विद्यालयांत संगणक कक्ष उभे राहिले. त्यांतील कित्येक कक्षांना कुलूपच अधिक काळ होते, कारण वीज नसे, दुरुस्तीला माणूस नसे आणि बिघाडाची जबाबदारी कोणाची हे ठरलेले नसे. याच सुमारास, २००८ मध्ये, एका भ्रमणध्वनी कंपनीची जाहिरात दूरचित्रवाणीवर गाजली. तिच्यात शहरातील शाळेचा पाठ फोनवरून खेड्यातील मुलांपर्यंत पोहोचतो असे दाखवले होते. त्या वेळी ती कल्पना जाहिरातीतच शोभणारी वाटत होती.

पाबळ आणि वाबळेवाडी

शिरूर तालुक्यात तंत्रज्ञान आणि शिक्षण यांच्या संबंधाचा एक स्वतंत्र विचार भ्रमणध्वनी येण्याच्या कितीतरी आधी रुजला होता. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून १९८३ मध्ये पाबळ येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. पाबळ हे दुष्काळी गाव त्यांनी जाणीवपूर्वक निवडले होते. हाताने काम करता करता विज्ञान शिकणे आणि गावाला सेवा देत देत शिकणे हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. जोडकाम, वीज, शेती, आरोग्य असे विषय शिकवणारा 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम तेथून राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत गेला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रेरणेने जगभर पसरलेल्या 'फॅब लॅब' या कार्यशाळांपैकी अगदी सुरुवातीची एक २००२ मध्ये पाबळला सुरू झाली. २००३ मध्ये डॉ. कलबाग यांचे निधन झाले.

पाबळच्या विचारात यंत्र हे उघडून पाहण्याची, दुरुस्त करण्याची आणि प्रसंगी स्वतः बनवण्याची वस्तू आहे. नंतरच्या काळात शाळांत आलेला फोन व टॅब ही बंद पेटी आहे. तिच्यातून पाठ बाहेर येतो आणि विद्यार्थी तो घेतो. या दोन दृष्टींतील फरक शैक्षणिक धोरणकर्त्यांनी पुरेसा ओळखला नाही, असे म्हणणे भाग आहे. एकाच तालुक्यात दोन्हींचे नमुने उपलब्ध असताना हे घडावे, याचे आश्चर्य वाटते.

दुसरा नमुना शिक्रापूरजवळील वाबळेवाडीचा. २०१२ नंतरच्या काळात या छोट्या वस्तीवरील जिल्हा परिषद शाळेचा कायापालट झाला. गावकऱ्यांनी जमीन दिली, काचेच्या भिंतींच्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या, विद्यार्थ्यांच्या हाती टॅब आले. प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागू लागली आणि खासगी इंग्रजी शाळांकडे निघालेला पालक जिल्हा परिषदेकडे परतला. राज्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळाशी जोडलेल्या पहिल्या शाळांत वाबळेवाडीचा समावेश झाला. ते मंडळ मात्र पुढे २०२१ मध्ये गुंडाळण्यात आले. वाबळेवाडीचे यश टॅबच्या खात्यावर जमा करण्याची प्रवृत्ती वृत्तपत्रीय लेखनात दिसते. वस्तुतः तेथे शिक्षक, गावकरी आणि देणगीदार आधी एकत्र आले व टॅब त्यानंतर आला. तसेच त्या टॅबची मालकी शाळेकडे असल्याने तो मुलाला शाळेत नक्की मिळत होता. घरातील फोनबद्दल असे म्हणता येत नाही.

याच दशकात राज्यभर 'डिजिटल शाळा' ही चळवळ उभी राहिली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरील प्रयोगाने तिला चालना मिळाली, तर २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासननिर्णयाने शासकीय बळ दिले. लोकवर्गणीतून पडदे, प्रक्षेपक व संगणक आले. थकलेल्या वीजबिलांपायी शाळांची जोडणी तोडली जाण्याच्या बातम्याही त्याच वर्षांतील आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचा प्रयोग केला. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत ते कोड सर्वत्र छापले गेले आणि डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०१७ मध्ये 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. क्यूआर कोड पुस्तकात छापणे सोपे होते. तो वाचणारे यंत्र मात्र मुलाच्या घरी असेल असे गृहीत धरण्यात आले.

ते गृहीतक पूर्णतः निराधार होते असेही नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचा खर्च काही महिन्यांत कोसळला. २०१७ मध्ये दीड हजार रुपयांच्या अनामतीवर कळांचा फोर-जी फोन आला. ग्रामीण घरांत तो मोठ्या संख्येने गेला, पण बहुतेक शैक्षणिक ॲप त्यावर चालत नव्हती. फोन आहे आणि तरीही नाही, अशी ही अवस्था होती. कोणत्याही साध्या मोजणीत ती दिसत नाही.

दरम्यान शिक्षकाच्या हातातील फोनने शाळेचे प्रशासन बदलून टाकले. २०१५ पासून 'सरल' प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती भरणे आले, मग पोषण आहाराची रोजची नोंद आली, पुढे डिसेंबर २०२३ पासून हजेरीही ॲपवर गेली. पूर्वी आठवड्याने येणारे परिपत्रक आता तासाभरात येते आणि त्याचे उत्तर दुपारपर्यंत मागितले जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातील प्राथमिक शिक्षकांनी आंदोलन केले, तेव्हा शासकीय व्हॉट्सॲप गटांतून बाहेर पडणे हेच त्यांनी निषेधाचे एक साधन म्हणून वापरले. ज्या यंत्राला शाळेने दहा वर्षांपूर्वी दप्तरातून बाहेर काढले होते, ते शिक्षकाच्या खिशातून काढता येईनासे झाले होते.

बंद शाळांची दोन वर्षे

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले कोरोना रुग्ण आढळले आणि त्याच महिन्यात शाळा बंद झाल्या. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने रोजची अभ्यासमाला सुरू केली. परिषदेकडून निघालेला दुवा जिल्हा, तालुका, केंद्र व शाळा या उतरंडीने पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर येई. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका आली. केंद्राच्या 'प्रज्ञाता' या मार्गदर्शक सूचनांनी पडद्यासमोर बसण्याची कमाल मर्यादा ठरवून दिली. पूर्व-प्राथमिकला ती तीस मिनिटे होती, तर पहिली ते आठवीसाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोन सत्रे. शिरूर-दौंडच्या अनेक घरांत या मर्यादेचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण फोनच घरी नव्हता.

घरातील फोनचा दिवस कसा जात होता, हे पाहणे उद्बोधक आहे. औद्योगिक वसाहती पुन्हा सुरू झाल्या तसा रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी किंवा कुरकुंभला कामाला जाणारा बाप फोन घेऊन पाळीला जाऊ लागला. शेतकऱ्याचा फोन शेतात, बाजार समितीत आणि दूध संकलन केंद्रावर त्याच्याबरोबर फिरे. दुवा सकाळी येई आणि फोन संध्याकाळी. त्या वेळी घरात दोन-तीन भावंडे असली तर दहावीच्या मुलाचा हक्क पहिला, मग मोठ्या मुलाचा, मग धाकट्याचा. मुलीला त्या वेळी स्वयंपाकघरातून हाक आलेली असे. भारमान, माहितीचा दैनिक कोटा आणि मळ्यावर एक-दोन रेघांवर येणारी रेंज या अडचणी त्याच्या वरच्या. ज्या घरांतून गच्चीवर किंवा बांधावर जाऊन उभे राहिले तरच आवाज ऐकू येई, तेथे दृक्‌श्राव्य पाठ म्हणजे न उघडणारे चक्र एवढाच अनुभव होता.

'असर' या वार्षिक पाहणीतून देशाच्या ग्रामीण भागाचे चित्र दिसते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. इतक्या अल्पकाळात इतकी वाढ ग्रामीण घरातील अन्य कोणत्याही वस्तूच्या वाट्याला क्वचितच आली असेल. शिक्षणासाठी झालेला हा खाजगी खर्च होता. कोणी शेळी विकली, कोणी उचल घेतली, कोणी जुना संच निम्म्या किमतीत आणला. शासनाच्या कोणत्याही शैक्षणिक अंदाजपत्रकात तो दिसत नाही. परंतु त्याच पाहणीतील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. २०२१ मध्ये घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता.

ऊसतोडणी कामगारांच्या मुलांचा प्रश्न याहून निराळा. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टोळ्या या पट्ट्यात येतात आणि उसाच्या फडाजवळ कोप्या उभारतात. नेहमीच्या वर्षी या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक, हंगामी वसतिगृह किंवा कारखान्यावरील साखरशाळा अशा तुटपुंज्या का होईना, सोयी असतात. २०२०-२१ च्या हंगामात मुलाचे नाव मूळ गावच्या पटावर, शिक्षकांचा व्हॉट्सॲप गट मूळ गावचा आणि मूल मात्र भीमेच्या काठी फडात, अशी स्थिती होती. कागदावर पाहता भ्रमणध्वनीने हा प्रश्न सुटायला हवा होता. अंतर नाहीसे करणे हाच तर त्याचा गुण. पण कोपीत वीज नव्हती आणि पहाटे फडात जाणाऱ्या आई-बापाबरोबर फोनही जात होता. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांवर राबणाऱ्या परप्रांतीय कुटुंबांच्या मुलांबाबत भाषेचा अडसर आणखी वाढत होता.

शिक्षकांनी या काळात जे केले त्याची नोंद आकड्यांत फारशी नाही. मुखपट्टी लावून वाडीवर जाणे, मंदिराच्या ओवरीत किंवा झाडाखाली पाच-सहा मुले बसवणे, स्वाध्यायाच्या छायाप्रती स्वखर्चाने वाटणे, हे प्रकार राज्यभर झाले. फोन जेथे पोहोचला नाही तेथे शिक्षक पायी पोहोचला. डिसेंबर २०२१ मध्ये ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले, तेव्हा पहिलीत दाखल होऊन एकही दिवस शाळेत न बसलेली मुले दुसरीत आलेली होती.

मुलीच्या हातातील यंत्र

दौंड तालुक्यातील केडगावचा येथे वेगळा उल्लेख करणे योग्य ठरेल. पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे मुक्ती सदन उभारले. १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुली व विधवा यांना त्यांनी अक्षरओळखीबरोबर उद्योग शिकवले आणि छापखाना चालवण्याचे काम त्यांच्या हाती दिले. खिळे जुळवणाऱ्या, यंत्र फिरवणाऱ्या या स्त्रियांनी रमाबाईंच्या मराठी बायबलची छपाई केली. ज्या काळात स्त्रीने वाचणे हाच आक्षेपाचा विषय होता, त्या काळात त्या वेळचे सर्वांत आधुनिक संपर्कयंत्र दौंड तालुक्यातील मुलींच्या ताब्यात होते.

सव्वाशे वर्षांनंतरची स्थिती पाहता हा संदर्भ महत्त्वाचा वाटतो. १४ ते १८ वयोगटाच्या २०२३ च्या 'असर' पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के होते. मुलीला फोन न देण्यामागे पैशापेक्षा धाक अधिक असतो. फोन आला की बोलणे आले, बोलणे आले की लग्न हाताबाहेर गेले, ही भीती पालक उघडपणे बोलून दाखवतात. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या याचिकेवर निर्णय देताना वसतिगृहातील फोनबंदी अमान्य केली आणि इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या हक्काशी जोडली. हा निर्णय वसतिगृहाच्या नियमाविरुद्ध होता. घराच्या नियमाविरुद्ध दाद मागण्याची सोय कोणत्याही मुलीला नाही.

गटावरील गाव

साथ ओसरली, शाळा भरल्या. फोन मात्र घरातच राहिला. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२.२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. अभ्यासाच्या नावाने आलेल्या यंत्राने आपले खरे गिऱ्हाईक शोधले होते. गटांवरील मजकुराचे परिणाम महाराष्ट्राने त्याआधीच पाहिले होते. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राइनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसांचा जमावाने जीव घेतला. १ ऑगस्ट २०२५ रोजी दौंड तालुक्यातील यवत येथे समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून तणाव उसळला, जाळपोळ झाली आणि जमावबंदी लागू करावी लागली. अशा प्रसंगी मजकूर पुढे पाठवणारी बोटे बहुधा तरुणांची असतात आणि काही वेळा शाळकरी मुलांचीही.

यावर गावांनी आपापल्या परीने तोडगे काढले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास फोन व दूरचित्रवाणी बंद ठेवली जाते. यवतमाळ जिल्ह्यातील बांशी ग्रामपंचायतीने त्याच वर्षी अठरा वर्षांखालील मुलांच्या फोनवापरावर बंदीचा ठराव केला. फ्रान्सने २०१८ मध्ये कायद्याने शाळेत फोनला मनाई केली आणि ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती बंद केली. वडगावचा भोंगा या सर्वांत अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण तो मोठ्यांनाही लागू आहे. बांशीचा ठराव सद्‌हेतूने झाला असला तरी तो मुलांवरच भार टाकतो. आणि ज्या मुलीला फोन मुळातच मिळत नव्हता, तिच्या पालकांना त्यातून आयतेच कारण मिळते.

एकीकडे बंदीची भाषा वाढत असताना दुसरीकडे शिक्षणातील प्रत्येक पायरी फोनवर सरकत आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, निकाल आणि विद्यार्थ्याचा ओळखक्रमांक या सर्वांसाठी भ्रमणध्वनी क्रमांक लागतो. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया संपूर्ण राज्याला लागू झाली. पुणे शहरातील विद्यार्थ्यांना ती परिचित होती. शिरूर व दौंड तालुक्यांतील दहावी उत्तीर्णांना ती नवी होती. तोवर ही मुले निकालपत्र घेऊन जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जात, लिपिकाकडून छापील अर्ज घेत आणि त्याच दिवशी नाव नोंदवून घरी येत. आता महाविद्यालयांचे पसंतिक्रम, भाग एक, भाग दोन, प्रवेशफेऱ्या आणि मुदती आल्या. घरी स्मार्टफोन असूनही पुष्कळ पालकांनी मुलांना घेऊन तालुक्याच्या गावातील सेवाकेंद्र गाठले आणि रांग धरली. संगणकासमोर बसलेला चालक पट्टीवरील चौकटी भरत जाई आणि शेवटी ओटीपी विचारी. नोंदवलेला क्रमांक वडिलांचा असे आणि वडील पाळीवर असत. मग मुलगी केंद्रातल्याच दुसऱ्या कोणाचा फोन मागून त्यांना लावी आणि सहा आकडे तळहातावर लिहून घेई.